महागली ती गाडी की हौस?

दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस कोणत्याही मोटारींच्या शोरूममध्ये डोकावावे, एक दृश्य हमखास दिसते. कोटेशनचा कागद समोर ठेवून नवरा-बायको बेरीज पुन्हा पुन्हा करून पाहत असतात. जाहिरातीतली किंमत वरच्या ओळीत. तिच्याखाली मोटार-कर, विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज. आणि तळाशी जो आकडा येतो तो पाहून नवरा पुटपुटतो, ‘पूर्वी एवढ्यात फ्लॅट यायचा.’

हे पैसे मोजण्याजोगे आहेत का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर ‘पूर्वी’च्या आठवणींवर सोडून चालणार नाही. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली ग्राहकाच्या हाती दिली, तेव्हा ती गाडी पन्नास हजारांच्या आसपास पडत होती. भांडवली नफ्याचा हिशेब करताना आयकर खाते महागाईचा जो निर्देशांक वापरते, त्याने मोजले तर आजचे हे साडेसहा-सात लाख रुपये होतात. आणि हा निर्देशांक महागाईतली तीन-चतुर्थांशच वाढ धरतो! सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी उतरल्यावर साध्यातली साधी छोटी गाडी शोरूमच्या किमतीत साडेतीन-चार लाखांवर आली. म्हणजे आजोबांच्या मारुतीपेक्षा नातवाची गाडी, खऱ्या हिशेबाने, स्वस्तच आहे. शिवाय तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागत नाही. बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षे वाट पाहणारी आणि परदेशातल्या मेहुण्याने परकीय चलन पाठवावे म्हणून देव पाण्यात घालून बसणारी पिढी अजून आपल्यात आहे. तिला विचारा.

मग महागाईची ही ओरड खोटी म्हणायची? तसेही नाही. स्पर्धेमुळे बराच काळ दबून राहिलेल्या किमती २०१८ नंतर एकदम उसळल्या आणि त्याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. त्या वर्षी सप्टेंबरपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने नव्या मोटारीचा तीन वर्षांचा आणि दुचाकीचा पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकरकमी भरणे सक्तीचे झाले. २०१९ मध्ये चालकासाठी एअरबॅग आली, पुढे शेजारच्या आसनासाठीही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज चारवरून, मधली पाचवी पायरी गाळून, आपण थेट सहाव्या पायरीवर उडी घेतली. इंधनातले गंधक दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आले आणि धूर स्वच्छ करणारी यंत्रणा इतकी खर्चिक ठरली की मारुतीने डिझेल गाड्या बनवणेच सोडून दिले.

या वाढीबद्दल मी कुरकुर करणार नाही. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. एअरबॅगचे आणि ब्रेकचे पैसे हे गाडीच्या किमतीतले सर्वांत सत्कारणी लागणारे पैसे आहेत. २०२३ पासून ‘भारत एनकॅप’खाली गाड्यांच्या धडक-चाचण्या होऊन त्यांना तारे मिळू लागले आहेत, किती किलोमीटर देते हे विचारण्याआधी ते तारे विचारावेत.

कुरकुर आहे ती दुसऱ्या पैशांबद्दल. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि त्यांतली जवळजवळ ६५ टक्के उंच, दणकट बांध्याची ‘युटिलिटी’ वाहने होती. आपल्याकडचे रस्ते पाहता उंच गाडीची ओढ अगदीच अनाठायी नाही, पण छपराला काचेची खिडकी आणि डॅशबोर्डवर घरच्या टीव्हीशी स्पर्धा करणारा पडदा यांना खड्ड्यांची सबब पुरत नाही. ही हौस हप्त्यात लपते. आठ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे १६,८०० रुपये भरावे लागतात. सात वर्षांसाठी घेतले, तर १३,१००. विक्रेता दुसराच आकडा सांगतो आणि ‘परवडते’ असे वाटून आपण वरचे मॉडेल घेतो. त्या दोन वर्षांपायी व्याजाचे जवळजवळ ९० हजार जास्त जातात, हे कोटेशनवर छापलेले नसते. विमा शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही, हेही नसते.

मोटार घेणारा निदान वरच्या मॉडेलवरून खाली उतरू शकतो. दुचाकी घेणाऱ्याला खालची पायरीच नाही. गवंडी, दूधवाला, औषधांच्या पिशव्या घेऊन गावोगाव फिरणारा विक्रेता यांना शंभर-सव्वाशे सीसीची गाडी हौसेसाठी लागत नाही, रोजगारासाठी लागते. त्यांच्यावर पाच वर्षांचा विमा, नवे ब्रेक आणि २०२० मध्ये कार्ब्युरेटरच्या जागी आलेले फ्युएल इंजेक्शन, असे तीन बोजे अठरा-एकोणीस महिन्यांत पडले. भरीला जुलै २०१७ पासून २८ टक्के जीएसटी होताच, म्हणजे चैनीच्या वस्तूंच्या रांगेतला कर. नाक्यावरचा मेकॅनिक जी गाडी पान्याने दुरुस्त करायचा, ती आता संगणक जोडल्याशिवाय बोलत नाही. तो खर्च वेगळाच.

परिणाम आकड्यांत उतरला. २०१८-१९ मध्ये २ कोटी ११ लाखांवर दुचाकी विकल्या गेल्या होत्या. कोविडनंतर, २०२१-२२ मध्ये, त्या १ कोटी ३५ लाखांपर्यंत घसरल्या, आणि २०२४-२५ मध्येही १ कोटी ९६ लाखांवरच अडल्या होत्या. सहा वर्षांत लोकसंख्या वाढली, मोटारींची विक्री विक्रमी झाली. दुचाकी मात्र जुन्या आकड्याला शिवू शकली नाही.

२०२२ मधल्या रस्त्यावरच्या मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. म्हणजे चांगल्या ब्रेकची गरज त्यांनाच सर्वांत जास्त, आणि तो ब्रेक परवडत नाही म्हणून जुनी, टायर गुळगुळीत झालेली गाडी आणखी दोन वर्षे ओढण्याची पाळीही त्यांच्यावरच. ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर १८ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी. सुरक्षेचा आणि स्वच्छ धुराचा खर्च त्यांच्या माथी मारला, त्याच दिवशी तो का उतरवला नाही, याचा खुलासा कोणत्याही अर्थमंत्र्याने केलेला माझ्या वाचनात आला नाही.