गोष्ट कोणी सांगावी?

परवा कॅलिफोर्नियाहून मुलीचा फोन आला. तिच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांसाठी गोष्टींचा तास होता आणि गोष्ट वाचणार होता स्त्रीवेषातला एक पुरुष. ‘‘बाबा, हिला नेऊ की नको?’’ तिने विचारले. ‘ही’ म्हणजे माझी पाच वर्षांची नात. मी चटकन म्हणालो, ‘‘कशाला? दुसऱ्या गोष्टी नाहीत का ऐकायला?’’ फोन ठेवला आणि मग आपल्याच उत्तराचा विचार करत बसलो.

भडक रंगरंगोटी, उंच केशटोप, झगमगीत झगा अशा थाटात रंगमंचावर उभ्या राहणाऱ्या पुरुषाला तिकडे ‘ड्रॅग क्वीन’ म्हणतात. अशा कलावंतांनी वाचनालयात येऊन मुलांना चित्रांची पुस्तके वाचून दाखवावीत, ही कल्पना लेखिका मिशेल टी यांची. २०१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत तिची सुरुवात झाली. ती अमेरिकेतल्या अनेक शहरांत आणि ब्रिटनमध्येही गेली, आणि तिच्या पाठोपाठ वादही गेला. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लोरेन्झोच्या वाचनालयात ‘प्राऊड बॉईज’ या गटाची माणसे अर्वाच्य ओरडत मुलांसमोर घुसली. २०२३ मध्ये मोंटाना राज्याने शाळांत आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या वाचनालयांत अशा वाचनावर बंदी घालणारा कायदाच केला. त्याच वर्षी न्यायालयाने त्याची अंमलबजावणी रोखली.

विरोध करणारे सगळेच दांडगे नाहीत. ही कला मुख्यतः रात्रीच्या क्लबांत वाढली, तिथले विनोद मोठ्यांसाठीचे. तेव्हा एखाद्या आईला धाकधूक वाटली, तर तिला मागासलेली म्हणून हिणवणे बरे नाही. पण कलावंत समोरचा श्रोता पाहून बोलतो. तमाशातला सोंगाड्या फडावर जे बोलतो, ते घरी नातवंडांशी बोलत नाही.

आणि मला तरी याचे एवढे नवल का वाटावे? बालगंधर्वांच्या साड्या आणि त्यांची नेसण्याची ढब पाहून घरोघरच्या बायका तशा नेसू लागल्या, हे आपण कौतुकाने सांगतो. आमच्या गावच्या सप्ताहात भारूड व्हायचे. लुगडे नेसलेला, कपाळभर कुंकू लावलेला एक मिशीवाला गडी एकनाथांचा वेदान्त सांगत नाचायचा. मी आजीला विचारले होते, ‘‘हा बाई का झालाय?’’ आजी म्हणाली, ‘‘सोंग आहे रे ते. काय सांगतंय ते ऐक.’’

मात्र दोन्ही गोष्टी सारख्याच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्याकडे पुरुष स्त्री-पार्ट करत, कारण कुलीन स्त्रीने रंगभूमीवर येणे समाजाला मंजूर नव्हते. अमेरिकेतली ही कला समलिंगी समाजाच्या जगण्याशी आणि स्वाभिमानाशी बांधलेली आहे. ‘वेगळे असणेही चालते’ असे ती उघड सांगते. खरे भांडण आहे ते या वाक्याशी. झगा हे निमित्त. आपणही टाळ्या वाजवल्या त्या एका अटीवर: पडदा पडला की सोंग उतरले पाहिजे. गणपत पाटलांनी मराठी चित्रपटात नाच्या अजरामर केला. पण ती भूमिका त्यांच्या खऱ्या आयुष्याला चिकटली आणि टोमणे घरापर्यंत पोचले. सोंगाला दाद आणि माणसाची हेटाळणी, हा आपलाही हिशेब फारसा स्वच्छ नाही.

‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ मी बँकेच्या काउंटरवर शिकलो. खिडकीपुढे आलेल्याचे कपडे पाहायचे नसतात, पासबुक पाहायचे असते. वाचनालयही तसेच. या तासाला कोणाला सक्तीने बसवत नाहीत; आईबापच मुलांना घेऊन येतात. ज्याला पटत नाही त्याने घरी बसावे, तो त्याचा हक्क. पण माझ्या नातीने जायचे की नाही, हे ठरवायचे तिच्या आईने. दाराशी जमलेल्या घोळक्याने नव्हे, आमदाराने नव्हे आणि हजारो मैलांवरून फोनवर बोलणाऱ्या आजोबानेही नव्हे. गोष्टीच्या तासाला बसलेल्या मुलांनी काही वाईट पाहिलेच असेल, तर ते दारातून ओरडत घुसलेल्या मोठ्या माणसांचे.

रात्री मीच मुलीला फोन केला. म्हटले, ‘‘मघाशी घाईत बोललो. ठरव तूच. फक्त पुस्तक कोणतं वाचणार आहेत, तेवढं विचारून घे. चांगलं असेल तर ने.’’

‘‘आणि तिनं विचारलं, हा काका बाई का झालाय, तर?’’

माझ्यापाशी आजीचे उत्तर तयारच होते.