ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्या

ट्रॉम्बे येथील अणुभट्ट्यांपैकीं एकहि वीज करण्यासाठीं बांधलेली नाहीं. सायरस व ध्रुव ह्यांची उष्णता तर समुद्राच्या पाण्यांत सोडून देण्याचीच योजना. हें ऐकून आमच्या डोंबिवलींतील वडील मंडळी विचारतात, "मग एवढा खर्च कशासाठीं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर तारापूरच्या हकीकतींत सांपडतें.

तारापूर 2014 पर्यंत आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होतें. तेथील वीजकेंद्र 1969 सालीं सुरू झालें तें अमेरिकेच्या समृद्ध युरेनियमावर. 1974 सालीं पोखरणचा स्फोट झाला आणि अमेरिकेनें इंधन देण्यास खळखळ मांडली. (त्या स्फोटाचें प्लुटोनियम सायरसमधलेंच, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.) पुढें फ्रान्सनें इंधन दिलें, तरी परावलंबनाची टोचणी राहिलीच. युरेनियमांत प्लुटोनियम मिसळून घरचें इंधन कां करूं नये? पण असें इंधन एकदम वीजकेंद्रांत घालणें म्हणजे नवख्या आचाऱ्यावर लग्नाची पंगत सोंपविणें होय.

त्याची कसोटी लागली ती सायरसमध्येंच. 1960 सालीं कॅनडाच्या साह्यानें उभारलेल्या ह्या 40 मेगावॅटच्या भट्टीच्या गर्भांत एक स्वतंत्र नळी होती. तींतील पाणी वीजकेंद्रांतल्यासारखें तप्त व दाबाखालीं असे. भट्टीच्या पाण्याशीं मात्र त्याची भेट नसे. नमुना फुटला तरी दोष नळींतच अडावा, हा हेतु. न्यूट्रॉनांच्या माऱ्यांत दीर्घकाळ राहिलेला नमुना मग जाड भिंतींच्या खोलींत यांत्रिक हातांनीं कापून पाहतात: आवरण फुगलें काय, चिरलें काय. न्यूट्रॉनांची दाटी जितकी अधिक, तितकी परीक्षा लौकर उरकते. अशी भट्टी आंखणाऱ्यास ही दाटी आणि नमुन्याची जागा ह्यांचा मेळ आधीं घालावा लागतो.

1956 च्या 'अप्सरे'चें नांव पंडित नेहरूंनीं ठेवलें. पाण्यांत संचार करणारी हा त्याचा व्युत्पत्त्यर्थ. तिचा गर्भ तलावांतल्या तलावांत खरोखरच सरकवितां येई! 1985 ची 'ध्रुव' मात्र नांवास जागेना. पाण्याच्या ओघानें तिचे इंधनदंड थरथरूं लागले, आणि पूर्ण 100 मेगावॅट गांठण्यास 1988 उजाडलें.

1997 पासून कित्येक वर्षें बंद ठेवून सायरसची डागडुजी केली होती. तरीहि अमेरिकेशीं झालेल्या करारापायीं ती 31 डिसेंबर 2010 रोजीं कायमची विझविली, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें. 2018 सालीं पेटलेली नवी अप्सरा अवघी 2 मेगावॅटची आहे.