‘कथित’चा आडोसा

विहिरीत मृतदेह सापडतो, शवविच्छेदनात गळा आवळल्याचे निष्पन्न होते आणि दुसऱ्या दिवशी मथळा येतो, ‘कथित खून’. खून झाला याबद्दल एव्हाना कोणालाच शंका नसते. शंका असते ती कोणी केला, याची. आणि नेमके त्याच बातमीत खाली ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य बिनदिक्कत छापलेले असते.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून न्यायालयात चालत नाही. १८७२च्या पुरावा कायद्याचे २५वे कलम हेच सांगत होते. १ जुलै २०२४पासून त्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३मध्येही ही तरतूद कायम आहे. तेव्हा ‘कथित’ लावायचेच तर ते कबुलीला लावायला हवे. तिथे ते लागत नाही, कारण बातमीत हा शब्द अर्थासाठी कमी आणि अंग राखण्यासाठी जास्त वापरला जातो. अर्थात, एवढ्या एका विशेषणाने बदनामीच्या खटल्यातून सुटका होतेच, असेही नाही.

बोलताना मराठी माणूस असा घोळ घालत नाही. ‘शेजारच्यांनी फ्लॅट विकला म्हणे.’ बातमी ऐकीव आहे, खरेखोटे देव जाणे, हे त्या शेवटच्या दोन अक्षरांत येऊन जाते. हा ‘म्हणे’ मूळ ‘म्हणणे’ या क्रियापदातला. पण लिंग-वचनाची कटकट त्याने कधीच सोडली. ‘ती आली म्हणे’, ‘ते गेले म्हणे’, तो आपला जागचा हलत नाही. कन्नडमधला ‘अंते’ आणि तेलुगूतला ‘अट’ हेच काम करतात.

मात्र त्याला वाक्याच्या सुरुवातीला बसवले की सूरच पालटतो. ‘शाळेला नवे शिक्षक मिळणार म्हणे’ ही गावातली खबर. ‘म्हणे नवे शिक्षक मिळणार!’ ही सरळसरळ टर. या खोडीमुळेच गुन्ह्याच्या बातमीत त्याला घेता येत नाही. अग्रलेखाने जरूर घ्यावा.

बातमीपुरता पर्याय जिल्हा पानावर रोज छापला जातो: ‘अशी फिर्याद मृताच्या भावाने पोलिस ठाण्यात दाखल केली आहे.’ वाक्य रटाळ खरे, पण कोण म्हणाले आणि कुठे म्हणाले, दोन्ही त्यात आहे. मथळ्यात एवढी जागा नसते, मान्य. मजकुरात ती असते, आणि तिथेही ‘कथित’वर भागवणे हा निव्वळ आळस आहे.