बाटली रात्रीच भरायची

मंडळी, टपरीवर उभं राहून काचेच्या ग्लासातून कटिंग पिणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर सोमवारी ऑफिसखालच्या टपरीवर मला कोणी उभं करणार नाही. :-) माझं भांडण आहे ते हातात धरून चालायच्या पेयांशी. म्हणजे स्टेशनबाहेरचा कागदी कपातला चहा, गाडीत चढण्याआधी घेतलेली पाण्याची बाटली, दुपारी तीनला पापण्या जड झाल्या की ॲपवरून मागवलेली कोल्ड कॉफी. यातलं एकही पेय आपण आवडीने पीत नाही. तहान किंवा झोप आलेली असते आणि बॅगेत काही नसतं, एवढंच त्याचं कारण.

आधी हिशोब बघू, इंजिनिअर माणूस दुसरं काय करणार! गोवंडी ते ऐरोली हा माझा रोजचा प्रवास. हार्बरने वाशी, तिथून ठाण्याची गाडी. दोन चहा ३० रुपये, पाणी २०; महिन्याचे २२ दिवस धरले तर ११०० झाले. कोल्ड कॉफी सगळ्या फिया धरून २२० ची, महिन्यातून आठदा, म्हणजे १७६०. एकूण २८६० आणि वर्षाचे ३४,३२०. आकडा मोठा वाटतो, पण खरं सांगू का, त्याने सवय सुटत नाही. मुंबईत एवढ्या पैशांत घराचे जेमतेम एक-दोन चौरस फूट येतात. मग मन म्हणतं, जाऊ दे ना, प्या.

मला पटलेलं कारण वेगळं आहे आणि ते आमच्या वस्तीतलं आहे.

देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासून शहराचा कचरा घेतंय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर इतका पसरला की महापालिकेला आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आता शहराचा बराचसा कचरा कांजूरमार्गला जातो, पण देवनारचा डोंगर जागेवरच आहे आणि त्याच्या पायथ्याशी लोक राहतात. ऐरोलीत किंवा बीकेसीत कॉफी पिऊन कप टाकणाऱ्याला तो कप पुन्हा कधी दिसत नाही. गोवंडीकराला ती सोय नाही.

आणि कप 'कागदी' आहे हे समाधानही फार टिकत नाही. राज्यात २०१८ ला प्लास्टिकबंदी आली, १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे कप, स्ट्रॉ, ढवळण्या बंद झाल्या, आणि जिकडेतिकडे कागदी कप दिसू लागला. पण चहा गळू नये म्हणून त्या कागदाला आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. कागद आणि थर वेगळे करणं कटकटीचं, त्यामुळे असा कप रद्दीत सहज खपत नाही. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजून सांगितलं की अशा कपात १०० मिली गरम द्रव १५ मिनिटं राहिला तर त्यात प्लास्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. त्यापेक्षा जुनी पद्धत शहाणपणाची होती. चहावाला पोऱ्या तारेच्या स्टँडमध्ये ग्लास घेऊन ऑफिसात यायचा आणि रिकामे ग्लास परत न्यायचा. तेही पार्सलच होतं की!

आता प्लॅनिंगबद्दल. हा शब्द काढला की आमच्या पिढीला ॲप आणि तक्ते आठवतात. पण बैंगनवाडी, शिवाजीनगरच्या गल्ल्यांमध्ये फिरून या. नळाला पाणी कधी येणार, किती वेळ राहणार, त्यात पिंपं, कळशा, हंडे कोणत्या क्रमाने भरायचे हे तिथल्या बाईच्या डोक्यात पक्कं असतं. कित्येक घरांना तर पाणी कॅनने विकत घ्यावं लागतं. म्हणजे घरात नळ नाही म्हणून एकजण पाणी विकत घेतो, आणि त्याच वॉर्डात चोवीस तास नळ, वर फिल्टर असलेला दुसरा केवळ बाटली भरायचा कंटाळा म्हणून वीस रुपये मोजतो. मला यातली दुसरी गोष्ट चैनसुद्धा वाटत नाही. चैनीत निदान मजा तरी असते.

सकाळी ठरवून काही होत नाही. ७:४० ची गाडी पकडायची असताना कोण लिंबू पिळत बसणार? आपल्या धंद्यात नाइटली बिल्ड असतो ना, तसं हे काम रात्री दहाला उरकायचं, फार तर सहा मिनिटं लागतात. कोल्ड कॉफी हवी असेल तर जाडसर दळलेली कॉफी थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायची, सकाळी गाळायची. दूध ऑफिसच्या पँट्रीत असतंच. उन्हाळ्यात कोकमाचं आगळ उत्तम. छोटी बाटली ड्रॉवरमध्ये ठेवा, ग्लासभर पाण्यात चमचाभर पुरतं. ताक मात्र त्याच दिवशी दुपारपर्यंत संपवायचं. दुधाचा चहा थर्मासमध्ये नेऊ नका, तीन तासांनी त्याला जो वास येतो त्याने तुम्ही पुन्हा स्टेशनबाहेरच्या कपाकडे वळाल. आल्याचा कोरा चहा न्या.

एक अट आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हे स्वतः करायचं. आमच्या ऑफिसात 'मी बाहेरचं काही पीत नाही' असं अभिमानाने सांगणारे दोन-तीन वीर आहेत. त्यांची बाटली आई भरते किंवा बायको भरते, आणि रात्री ती घासतंही तेच माणूस. घरातल्या कोणाला पाचला उठवून स्वतःची सवय मोडणं याला प्लॅनिंग म्हणत नाहीत, आपल्या भाषेत ते आउटसोर्सिंग झालं, तेही बिनपगारी. बाटली धुणं हे या कामातलं खरं कंटाळवाणं काम आहे. झाकणाची रबरी रिंग काढून घासली नाही तर चार दिवसांत वास मारते.

दोस्तांबरोबरची संध्याकाळची टपरी मी सोडलेली नाही आणि सोडणारही नाही. तिथे ग्लास असतो, दहा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि मॅनेजरबद्दलची खरी माहिती तिथेच मिळते.

आणि हो, सध्या तांब्याच्या बाटल्यांची फॅशन आहे. त्यात फक्त पाणी ठेवा. लिंबू, कोकम, ताक अशा आंबट वस्तू त्यात चालत नाहीत, तांबं उतरतं. त्यासाठी साधी स्टीलची बाटली बरी.