हार नको, चौकशी हवी

३ जानेवारीला आम्ही शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. १० मार्च मात्र विसरतो. दुसऱ्या आईच्या पोटचा यशवंत त्यांनी आपला मानून वाढवला, तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी पुण्याजवळ दवाखाना काढला. आजारी मुलाला पाठीवर आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

१९९४ मध्ये आपल्या सुरतेत प्लेग आला, तेव्हा लाखो लोक शहर सोडून गेले. आमच्यापैकीही कित्येकांनी गावची गाडी धरली. जीव कुणाला प्यारा नसतो? म्हणूनच थांबणाऱ्या आईचे मोल मोठे.

येत्या १० मार्चला प्रत्येक मुलाने आईसोबत गल्लीतल्या एका आजारी माणसाची चौकशी करावी, असे आम्हाला वाटते.