पत्र्याखालची शाळा

दिवाळी जवळ आली की आपण घरातला माळा उपसतो, भिंती झाडतो, ऐपत असेल तर रंग काढतो. खेड्यातल्या शाळांनाही अलीकडे झकास रंग मिळू लागला आहे. जव्हारहून साखरशेताकडे जाताना वाटेवरच्या पाड्यांत पाहा : भिंतीवर फळे, पाखरे, पाढे, नकाशे. मन प्रसन्न होते. मग सहज वर नजर जाते. वासे काळे पडलेले, भिंतीवर ओल उतरलेली. नवरीला शालू नेसवून हाती फुटकी छत्री द्यावी, त्यातला हा प्रकार!

आणि जव्हार-मोखाड्याचा पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. चार महिने तो भिंतीत मुरतो, स्लॅबात शिरतो, आतल्या सळईला गंज चढवतो. गंजलेली सळई फुगते आणि सिमेंटचा पोपडा खाली येतो. गुरुजी तो झाडून टाकतात आणि पुढचा धडा घेतात. वास्तविक तो पोपडा म्हणजे छपराने धाडलेली नोटीस. ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यात निंबोडीला शाळेचे छत कोसळून तीन मुले गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात पिपलोदीला सात गेली. दोन्ही वेळा पावसाचेच दिवस होते.

कायद्याची उणीव म्हणाल तर तीही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला बाराही महिने टिकेल अशी इमारत लिहून दिली आहे. इमारत धोक्याची ठरली की तिचे ‘निर्लेखन’ होते. शब्द भारदस्त आहे. जुनी खोली कागदावरून जाते, नवी यायला वेळ लागतो, आणि मुले तोवर ओसरीवर. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा भरवली, ती मुले गुरांमागे रानात जात म्हणून. डोक्यावरचे छप्पर पडेल म्हणून नव्हे.

पण मला खरी धास्ती वाटते ती दुरुस्तीची. फुटकी कौले उतरवून सिमेंटचा पत्रा चढवला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. त्या पत्र्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. साठांहून अधिक देशांनी या मालाला बंदी घातली आहे. आपण १९८६ पासून त्याच्या खाणींना नवे परवाने देत नाही. माल मात्र परदेशातून येतच राहतो.

एका पाड्यावर (नाव सांगत नाही) मिस्त्री व्हरांड्यातच पत्रा कापत होता. भोवती पोरे. सगळ्यांच्या केसांवर पांढरी भुकटी. फुटक्या तुकड्यांची लगोरी रचलेली.

“मिस्त्री, पोरं जरा लांब करा की,” मी म्हणालो.

“धूळच हाय साहेब, शिंकली की गेली.”

तीच तर जात नाही. केसाहून बारीक तंतू फुप्फुसात रुतून बसतो आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी कर्करोगाच्या रूपाने वर येतो. मिस्त्रीच्या नाकालाही साधा रुमाल नव्हता. त्याला हे कोणी सांगितले असणार?

धडधाकट पत्रा निमूट असतो. त्याला भोके पाडू नयेत, करवत लावू नये. उतरवायचा तर सुट्टीत, पाणी मारून, अख्खा, न आपटता; मग जाड प्लास्टिकात गुंडाळून. जुना रंग खरवडतानाही मुले दूर हवीत. रंगातल्या शिशावर कडक मर्यादा २०१७ मध्ये आली, त्याआधीचे थर भिंतीवर आहेतच. घातक कचऱ्याची सोय तळोज्याला आहे. पण जव्हारचा घाट उतरून चार पत्रे तिथवर न्यायचे भाडे अंदाजपत्रकात कोण धरणार?

त्या गुरुजींनी मात्र ऐकले. मुले आंब्याखाली नेली, मिस्त्रीला बादलीभर पाणी दिले, लगोरीचे तुकडे स्वतः ओले करून गोणीत भरले आणि तोंड बांधले.

“ही आता कुठं देऊ, साहेब?” त्यांनी विचारले.

पंचायत समितीला पत्र लिहा, म्हटले. त्यांनी लगेच कागद घेतला.