नेटबाहेरचे बाबा

बोरिवली-कांदिवलीच्या कुठल्याही मैदानावर रविवारी सकाळी जा. नेटमध्ये मुलं असतात आणि नेटबाहेर त्यांचे बाबा. एकाच्या खांद्यावर किटबॅग, दुसऱ्याच्या हातात डबा, तिसरा मोबाइलवर प्रत्येक चेंडू टिपतोय आणि मधूनच ओरडतोय, ‘‘कोपर वर ठेव रे!’’ आठवडाभर विरार लोकलला लोंबकळणारी ही माणसं सुट्टीच्या दिवशीही झोपत नाहीत. त्यांची थट्टा करायला माझी जीभ रेटत नाही. तरी एक विचार येतोच. कांदिवलीतल्या मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या क्लबला २०१३ साली सचिन तेंडुलकरचं नाव दिलं गेलं. त्या सचिनला प्रशिक्षक आचरेकर सरांच्या नेटपर्यंत घेऊन गेला तो थोरला भाऊ अजित. मग वडिलांनी काय केलं?

रमेश तेंडुलकर कीर्ती कॉलेजात मराठी शिकवायचे. कवी, समीक्षक, बालकवींच्या कवितेचे अभ्यासक. घर वांद्रे पूर्वेला, साहित्य सहवासात. वसाहतीत विंदा करंदीकर, धर्मवीर भारती अशी माणसं. चार मुलं, प्राध्यापकाचा पगार, पत्नी रजनीताई एलआयसीत नोकरीला. दोघं कमावत असली तरी हात सैल सोडता येत नव्हता. धाकट्या सचिनने सायकलचा हट्ट धरला तेव्हा वडिलांनी ‘घेऊ’ म्हटलं, पण लगेच घेणं जमेना. पोराने खेळायला जाणं सोडलं, आणि एक दिवस बाल्कनीच्या ग्रिलमध्ये डोकं अडकवून बसला. तेल लावून ते सोडवावं लागलं. मग सायकल आली. ती आणायला कुठला खर्च पुढे ढकलला असेल, हे महिनाअखेर पाहिलेल्या कुठल्याही घराला सांगावं लागत नाही.

पण माझ्या लेखी त्यांचं खरं कष्टाचं काम वेगळंच होतं. आयुष्य शब्दांत घालवलेला माणूस, घरात पुस्तकं, शेजारी साहित्यिक, आणि शेंडेफळाला बॅटीपलीकडे काही दिसत नाही. आचरेकर सरांनी शाळा बदलायला सुचवलं तेव्हा वांद्र्याची शाळा सोडून मुलगा दादरच्या शारदाश्रमात गेला. पुढे जाण्यायेण्याची दगदग नको म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायलाही गेला. या सगळ्याला या प्राध्यापकाने होकार दिला. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिनने सगळ्यात आधी वडिलांचं नाव घेतलं आणि सांगितलं की, त्यांनी मला अकराव्या वर्षी मोकळीक दिली. स्वप्नामागे जा, पण आडवाटेने नको, एवढीच त्यांची अट होती.

हे नेटबाहेरच्या बाबांना सांगायला गेलात तर ते म्हणतील, ‘‘अहो, पण तो सचिन होता!’’ बरोबर. पण अकराव्या वर्षी तो सचिन आहे, हे रमेश तेंडुलकरांना कुठे ठाऊक होतं?

वडिलांना दिलेल्या शब्दाखातर सचिनने दारू-तंबाखूच्या जाहिराती कधी केल्या नाहीत. ज्या घरात एका सायकलसाठी थांबावं लागलं होतं, त्या घराने हा शब्द मागून घेतला होता.

माझे बाबा भांडुपच्या एका कारखान्यात लेथवर होते. एलबीएस मार्गावर तेव्हा भोंग्यांवर घड्याळं लावता यायची. बाबांना तिन्ही पाळ्या, वर ओव्हरटाइम. रात्रपाळी करून आले की दिवसभर आम्ही घरात कुजबुजत बोलायचो. शाळेत ते क्वचितच आले. माझी इयत्ता कोणती हेही त्यांना आईला विचारावं लागे, पण फीची तारीख कधी चुकली नाही. मी आयटीआय करून त्यांच्याच खात्यात चिकटावं, अशी त्यांची फार इच्छा. मी वर्तमानपत्रात जातो म्हटल्यावर दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी लोकलच्या पासाचे पैसे काढून दिले. प्राध्यापक आणि लेथवाला यांच्यात मला फरक दिसतो तो बोलण्याचा. एकाला होकार शब्दांत मांडता येत होता, दुसऱ्याला तो पाकिटातून काढून द्यावा लागला.

१९ मे १९९९ ला रमेश तेंडुलकर गेले. इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू होता. सचिन मुंबईला आला, त्याच दिवशी त्याच्याविना भारत लेस्टरला झिम्बाब्वेकडून तीन धावांनी हरला. आईने त्याला परत पाठवलं. २३ तारखेला ब्रिस्टलला केनियाविरुद्ध नाबाद १४०. शतक झाल्यावर त्याने वर पाहिलं, तेव्हा आमच्या मुलुंडच्या चाळीत बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. ते रडले नाहीत. बोटांवर दिवस मोजले आणि आईला म्हणाले, ‘‘पाचव्या दिवशी ड्युटीवर हजर. बापाने तयार केलेला दिसतोय पोराला.’’